माया ठेवू नका

सोमवार, ३

चष्मिस म्हणतो, प्रत्येक चळवळीचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवावा लागतो. आमची चळवळ म्हणजे तीन माणसं. त्यातला लंबू लिहायला बसला की झोपतो आणि चष्मिसचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नाही. म्हणून ही वही माझ्या गळ्यात पडली.

इतिहास असा: कॉलेजात एक बाई भाषणाला आल्या होत्या. कामाचं, शिक्षणाचं आमिष दाखवून लहान मुलींना कसं पळवून नेतात ते त्यांनी सांगितलं. मुलं जांभया देत होती. माझं मात्र डोकं तापलं ते अजून निवलेलं नाही. बाहेर येऊन मी म्हटलं, आपण काहीतरी करायचंच. लंबू म्हणाला, करू. चष्मिस म्हणाला, नाटक करू. आता रस्त्यावरचं नाटक तयार आहे. लंबू मिशा आणि काळा चष्मा लावून पोतं घेऊन येतो आणि मुलीला पळवतो. मी तिची आई. मुलीच्या कामाला कुणीच लहान नाही, म्हणून आमच्या दुकानातला शिलाईचा छोटा पुतळा घेतला आहे. त्याला डोकं नाही, तरी अभिनय लंबूपेक्षा बरा करतो.

दुकान आईचं. बाहेर पाटी आहे, ‘मुलांचे कपडे वेळेवर शिवून मिळतील.’ आईने आजवर एकदाही तारीख चुकवलेली नाही. त्या ‘वेळेवर’चा तिला माझ्यापेक्षाही जास्त अभिमान आहे.

मंगळवार, ४

आज दुकानात एक काकू आल्या. वरच्या रस्त्यावर त्यांची संस्था आहे. गरीब मुलींना आजाऱ्यांची शुश्रूषा शिकवतात आणि मोठ्या शहरात नोकरीला लावून देतात. आमचं नाटक त्यांच्या कानावर गेलं होतं! माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “तुझ्यासारख्या मुली घरोघरी असत्या तर माझं अर्धं काम हलकं झालं असतं.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्यांना मुलींसाठी पांढरे कोट आणि निळे स्कर्ट हवेत. मापाला एक गाठोडं आणलं होतं. त्यात फ्रॉक, नुसते जुने फ्रॉक. आईने एक निळा उचलला, उलटा केला आणि खालची दुमड बोटांनी चाचपत बसली.

“मुली केवढ्या आहेत?” आईने विचारलं.

“अठरा पूर्ण. सगळ्याच. चणीने बारीक आहेत, खायला मिळालं नाही ना.”

“माया किती ठेवू?”

माया म्हणजे शिवणीत आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. पोर वाढलं की उसवायचं आणि सोडायचं. आई मुलांच्या कपड्यात चार बोटं माया ठेवल्याशिवाय कात्रीच उचलत नाही.

“माया ठेवू नका,” काकू हसून म्हणाल्या. “वाढायचं वय गेलं त्यांचं. टक्स घाला, खांद्याला पॅड लावा. जरा पोक्त दिसल्या पाहिजेत, नाहीतर मोठ्या शहरात कुणी मान देत नाही.”

“मुलींनाच पाठवा ना मापाला.”

“त्यांचा वर्ग बुडतो हो.”

आई आणखी काहीबाही विचारत राहिली. वर्ग कुठे भरतो, राहतात कुठे, घरचे भेटायला येतात का. पोलिसांच्या वरताण! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी मोठी बाई आपल्या गाळ्यात येते, आणि हिचं आपलं सुरूच. काकू गेल्यावर मी आईला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, “हं.” आईच्या ‘हं’ला काही उत्तर नसतं.

शनिवार, ८

काकूंनी आम्हाला कर्णा भेट दिला! खरा, बॅटरीवर चालणारा. त्यावर त्यांच्या संस्थेचं नाव चिकटवलेलं आहे, आणि ते असायलाच हवं. दान दिलं तर नाव नको?

कॉलेजच्या फाटकाशी पहिला प्रयोग झाला. सुरुवातीला कर्ण्यावरून मी काकूंचे आभार मानले. लंबूने पोतं घेऊन उडी मारली आणि त्याची मिशी पुतळ्याच्या खांद्याला चिकटली. लोक पोट धरून हसले. चष्मिस म्हणतो, निदान थांबले तरी. मला रडू येत होतं. आम्ही कशाबद्दल बोलतोय आणि हे दात काढतायत! पण मागे हटणार नाही. हसा लेको, किती हसायचं ते.

बुधवार, १२

आईला काय झालंय कोण जाणे. आज काकूंच्या कपड्यांची तारीख होती. त्या आल्या तर आई म्हणते, “मशीनचा पट्टा तुटलाय. उद्या या.”

पट्टा सकाळी चांगला होता. तुटायचा तर तुटू दे, पण नवा आणायला कितीसा वेळ लागतो? आणते म्हटलं तर नको म्हणाली. काकूंचा चेहरा जरासा उतरला, पण बोलणं गोडच.

शुक्रवार, १४

पुन्हा तेच. काल “काजं राहिलीत, उद्या या,” आणि आज “दोरा जुळत नाही, उद्या या.” शिंप्याच्या ‘उद्या’ला अंत नसतो म्हणून लोक आमची चेष्टा करतात. आईने जन्मभर ती खोटी पाडली आणि आता काकूंच्याच वेळी हे! दुपारी मी स्वतः पाहिलं, ती चांगली शिवलेली बाही उसवत होती.

“का उसवतेस?”

“चढली नाही नीट.”

“नीट आहे की! मला का काही कळत नाही?”

“तुला बरंच कळतं,” आई म्हणाली आणि उसवतच राहिली.

काकू आज थोड्या चिडल्या. म्हणाल्या, बुधवारी सकाळी गाडी ठरली आहे. कोट-स्कर्टशिवाय मुलींना नेता येत नाही, वाटेत तपासणी असते, हजार प्रश्न विचारतात. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले आणि आईच्या वतीने माफी मागितली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “तू मला मुलीसारखी आहेस. बारावी झाल्यावर ये माझ्याकडे.” खरंच जाईन म्हणते.

संध्याकाळी तालीम झाली. पुतळा उघडाच होता. आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “तिला काहीतरी घाला. त्या गाठोड्यातला निळा फ्रॉक बसेल.”

आई चक्क गिऱ्हाइकाचा कपडा देते आहे! आजवर मला गिऱ्हाइकाच्या रुमालालासुद्धा हात लावू दिला नाही. वर म्हणते, “रविवारी खालच्या बाजारात करा प्रयोग. तिकडे आसपासच्या सगळ्या वस्त्यांतल्या बाया येतात.” तिला आमच्या नाटकात इतका रस आहे हे आजच कळलं. चला, एवढं तरी बरं झालं.

रविवार, १६

घाईघाईत लिहितेय. अक्षर वाकडं येईल, येऊ दे.

बाजारात गोल करून उभे राहिलो. पुतळा मध्ये, निळ्या फ्रॉकात. लंबूने पोतं उघडलं, मी हंबरडा फोडला, आणि समोरून एक भाजीवाली सरळ आत आली. मला वाटलं, नाटकात रंगली. मी आणखी जोरात रडले. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिने पुतळ्यापुढे बसून फ्रॉकची खालची कड उलटी केली.

“हा माझ्या ठकीचा आहे,” ती म्हणाली.

चष्मिस म्हणाला, “मावशी, असे निळे फ्रॉक पुष्कळ असतात.”

“निळ्यावर हिरव्या दोऱ्याने टाके घालणारी एकटी मीच आहे रे बाबा. निळा संपला होता. ही घडी दोन वर्षांमागची, ही गेल्या वर्षीची आणि ही आत्ता तिला धाडताना सोडली ती. आता सोडायला काही उरलं नाही म्हणून रडली होती ती. तुमच्याकडे कसा आला हा?”

मी म्हटलं, “एका काकूंनी मापाला दिला. त्यांच्या मुलींसाठी. पण त्या मुली अठरा वर्षांच्या आहेत.”

“कोण अठराची? माझ्या ठकीला बारावं लागलंय. बाई म्हणाल्या, वसतिगृहात ठेवते, शाळा शिकवते. भेटायला गेले तर म्हणाल्या, परीक्षा चालू आहे.”

कर्णा माझ्या हातात होता आणि त्यावर त्या बाईच्या संस्थेचं नाव. पोत्यातून मुलगी नेणारा मिशीवाला आम्ही गावभर दाखवत फिरलो, आणि मुली नेणारी बाई माझ्या गालावरून हात फिरवून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि मी तिचे आभार मानले, कर्ण्यावरून!

दुकानात येऊन आईला सगळं सांगितलं. तिने गाठोडं सोडलं आणि एकेक फ्रॉक उलटा करून माझ्यापुढे टाकला. प्रत्येकाच्या कडेला जुन्या घड्यांच्या रेषा. कुणीतरी दर वर्षी उसवून सोडलेल्या.

“मोठ्या बाईचा कपडा असा दर वर्षी कोण सोडतं?” आई म्हणाली.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. दिसत होतं.”

“मग बोलली का नाहीस?” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचा इस्त्रीवाला डोकावला.

“कुणाला सांगू? या घड्या दाखवू? माझा तर हा असा गाळा, आणि तिचे फोटो पेपरात. तू तरी ऐकलं असतंस?”

खरं सांगायचं तर नसतं ऐकलं. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पट्टा, काजं, दोरा, बाही.

“कपडे तयार आहेत ना?”

“कधीचेच,” आई म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडून रडले. मग म्हटलं, “पण नशीब बघ, नेमका निळाच फ्रॉक घातला पुतळ्याला, आणि नेमकी तीच बाई बाजारात भेटली!”

“हो ना, नशीबच,” आई म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

सोमवार, १७

सकाळी ठकीच्या आईला घेऊन चौकीत गेलो. हवालदार म्हणाला, “फ्रॉकवरून गुन्हा नोंदवू? उद्या मोज्यावरून दरोडा आणाल.” बाई प्रतिष्ठित आहेत, आईने स्वतः मुलगी दिली आहे, वगैरे. ठकीची आई म्हणाली, “शाळेला दिली होती. साहेब, तुमचं पोर शाळेला दिलं तर ते शाळेचं होतं का?” तो जरा चपापला. शेवटी म्हणाला, “एकटीचं कोण ऐकणार? आणखी आया आणा.”

आणतो की! नाही आणल्या तर नावाची नाही.

दुपारी काकू आल्या. आई म्हणाली, “उद्या या.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता ही आपली बाजू घेईल अशा खात्रीने. मी म्हटलं, “हो काकू. उद्या या.” आयुष्यात इतका गोड शब्द मी बोललेली नाही.

त्यांचं हसू तिथेच वाळलं. “मापाचे कपडे तरी परत द्या.”

“शिवलेल्या कपड्यांबरोबरच देतो,” आई म्हणाली. “दुकानाचा नियम आहे.” असा कुठलाही नियम नाही.

मंगळवार, १८

लंबूने बाजाराच्या दोन खांबांना दोरी बांधली. त्यावर आम्ही सगळे फ्रॉक उलटे करून वाळत घातले, शिवणी बाहेर. मिशा नाहीत, पोतं नाही, नाटकच नाही. मी त्या बाईच्याच कर्ण्यावरून ओरडत राहिले: “बायांनो, हे फ्रॉक कुणी शिवले? कुणी सोडले? हात लावून बघा!”

आधी कुणी पुढे येईना. मग एक बाई आली, कांदे तिथेच टाकून. तिने लाल ठिपक्यांचा फ्रॉक ओढून छातीशी धरला. तिच्या मागे दुसरी. एकीने नुसतं बटण पाहिलं आणि खाली बसली, ते तिच्या नवऱ्याच्या सदऱ्याचं होतं. चष्मिस एकेकीचं म्हणणं मोबाइलवर टिपून घेत होता आणि चष्मा पुसत होता. लंबू, जो कशानेच रडत नाही, खांबाआड उभा राहून रडला.

अर्ध्यातच कॉलेजातून बोलावणं आलं. प्राचार्य म्हणाले, “संस्थेने आपल्यालाही देणग्या दिल्यात. हा तमाशा थांबवा, नाहीतर परीक्षेला बसू देणार नाही.” मी म्हटलं, “सर, नका बसू देऊ. पुढच्या वर्षी बसेन. त्या मुलींना पुढचं वर्ष नाही.” असं काही मी बोलेन हे बोलून होईपर्यंत मलाच माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर वाटलं, वर्ष बुडालं तर? विचार करायला नको, उद्या करू.

संध्याकाळी गाळ्याचा मालक आला. गाळा रिकामा करा म्हणाला. त्याला कुणी पाठवलं ते सांगायला नको. आई टाके घालत म्हणाली, “करते की. उद्या या.”

दोरीवर शेवटी एकच फ्रॉक उरला, पिवळा. तो कुणीच ओळखला नाही.

बुधवार, १९

सकाळी सगळ्या आया चौकीत जाऊन बसल्या. आज तिथे वरच्या साहेब बाई होत्या. हवालदाराने तोंड उघडायच्या आत त्यांनी गाडी काढायला सांगितली. आम्ही तिघं सायकलवर पुढे गेलो, पुतळा लंबूच्या पाठीला बांधून. तो का घेतला ते लंबूलाही सांगता येणार नाही. सवयीने घेतला असेल.

संस्थेच्या दारात व्हॅन सुरू होती. त्या बाईने कोट-स्कर्टांवर पाणी सोडलं होतं, मुलींना मोठ्या बायकांचे जुने ढगळ कपडे घातले होते. मी आडवी झाले असते तर ड्रायव्हर वळसा घालून गेला असता. मोठ्या माणसाला कोण भितं? चष्मिसने पिवळा फ्रॉक घातलेला पुतळा वळणावर रस्त्याच्या मधोमध उभा केला. ड्रायव्हरला लांबून लहान पोर दिसलं. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि शिव्या देत उतरला. पोराला डोकं नाही हे पाहून तो मटकन खालीच बसला. तोवर लंबूने किल्ली काढून घेतली. मी म्हटलं नव्हतं, पुतळा अभिनय चांगला करतो?

आया येऊन पोचल्या. पुढचं मला नीट लिहिता येत नाही. दार उघडलं आणि ठकी बाहेर आली, पायात येणारा घेर दोन्ही हातांनी उचलून धरत. आईला पाहून तिने हाक मारली नाही, आधी त्या बाईकडे पाहिलं, परवानगीसाठी. ते पाहून माझं काळीज फाटलं. मग ठकीच्या आईने “ये गं” म्हटलं आणि ती धावली.

ती बाई साहेब बाईंना शांतपणे सांगत होती, सगळ्या सज्ञान आहेत, कागद आहेत. तिच्या चारी बाजूंना आया आपापल्या पोरींना नावाने हाका मारत होत्या. साहेब बाई कागद बघतच नव्हत्या, पोरींकडे बघत होत्या.

पोलिसांच्या गाडीत बसवताना ती बाई माझ्यापाशी थांबली. “तुझ्यासाठी किती केलं मी. पोटच्या पोरीसारखी माया लावली तुला.”

“तुम्हीच म्हणाला होतात काकू, माया ठेवू नका म्हणून,” मी म्हटलं.

रविवार, २३

ती अजून आत आहे, पण मोठमोठी माणसं तिच्यासाठी येरझारा घालतायत असं ऐकते. पेपरात ‘संस्थेवर संशय’ एवढंच आलं, आणि कोपऱ्यात. आमचं नाव ‘काही तरुण’. लंबू म्हणतो, मिशीचा उल्लेख तरी करायचा.

प्राचार्यांनी आपलं म्हणणं गिळल्यासारखं केलंय, पण पूर्ण नाही. गाळ्याची नोटीस मात्र खरी आहे. पण बाजारातल्या बाया आपल्या पोरांचे कपडे घेऊन इतक्या येतायत की मालकाला दारातून आत शिरता येत नाही.

पिवळ्या फ्रॉकवाली सापडली, तिचं माणूस सापडलं नाही. ती सध्या बालगृहात आहे. नऊ-दहा वर्षांची असेल. गावाचं नाव येत नाही. विचारलं की म्हणते, “आमच्या घराजवळ विहीर आहे.” विहीर काय, सगळीकडेच असते. मला तिच्यावर नाही, सगळ्या जगावर राग येतो. आम्ही तिघांनी ठरवलं आहे, बाजारामागून बाजार करायचे. एक टेम्पोवाला भाजी न्यायच्या फेरीत आम्हाला न्यायला तयार आहे. दोरी, कर्णा, पुतळा आणि पिवळा फ्रॉक. कर्ण्यावरचं नाव चष्मिसने खरवडलं, मी पुन्हा चिकटवायला लावलं. राहू दे. सगळ्यांनी वाचू दे.

रविवार, ३०

निघायच्या आधी बालगृहातल्या ताई तिला दुकानात घेऊन आल्या. नवा फ्रॉक शिवायचा होता. पिवळा आम्ही नेणार, तर हिच्या अंगावर काय? आईने स्टुलावर उभं करून माप घेतलं. ती खांबासारखी ताठ उभी होती.

“माया किती ठेवू?” आईने तिलाच विचारलं.

“म्हणजे?”

“तू मोठी झालीस की सोडायचं कापड.”

तिने बराच विचार केला. “मी इथेच मोठी होणार?”

आईच्या हातातली टेप थांबली. मग ती म्हणाली, “कुठेही हो. कापड तुझ्याबरोबर येईल.” आणि तिने चार नाही, सहा बोटं ठेवली. एवढी माया ठेवली की फ्रॉक पडद्यासारखा जड होईल.

मी पिवळा फ्रॉक पुतळ्याला चढवत होते. ती स्टुलावरून उतरून जवळ आली, त्याची कड पकडली आणि विचारलं, “घर कधी सापडेल?”

‘उद्या’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

“टेम्पो बाहेर उभा आहे,” मी म्हटलं. “आत्ता निघतोय.”